कावळ्याचे नातेवाईक

"खायचं काही आहे का?" फाटकावरच्या रक्षकाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"आहे की," आई म्हणाली. तिने आपणहून पिशवीतून चिवड्याचा डबा काढला, मग बेसनाचे लाडू, मग आवळासुपारीची बाटली. रक्षकाने प्रत्येक वस्तू उलटसुलट करून बघितली, फळीवर मांडली आणि आम्हाला एक बिल्ला दिला. जाताना सगळं परत मिळेल. जंगलात अन्नाचा कणही न्यायचा नाही, असा तिथला नियम होता. मग त्याने आईची छोटी पर्स उघडली. आत रुमाल, कंगवा, चष्म्याची डबी आणि एक फुगीर वही होती. त्याने मान हलवून आम्हाला आत सोडलं.

आई इतकी शहाण्यासारखी वागायला लागली की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष मला तिला जे सांगायचं होतं तिकडे होतं.

ह्याला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा कोस्टारिकात एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरीला होतो. लग्न व्हायचं होतं. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आई दोन महिन्यांसाठी रत्नागिरीहून माझ्याकडे आली होती. दोन महिन्यांसाठी, असं तिला वाटत होतं. नागपूरचा माझा थोरला भाऊ दिगू आणि मी, आम्ही दोघांनी फोनवर वेगळंच ठरवलं होतं. आईने आता एकटं राहायचं नाही. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने दिगूकडे. रत्नागिरीच्या दोन खोल्या दिगू येत्या सोमवारी रिकाम्या करणार होता. भाडेकरूही ठरला होता. आईला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि ते मी तीन आठवडे पुढे ढकलत होतो. शेवटी म्हटलं, हिला समुद्राकाठचं ते प्रसिद्ध जंगल दाखवू, खूश झाली की सांगून टाकू. तारीख मात्र तिने ठरवली. "गुरुवारीच जाऊ," म्हणाली. मी का म्हणून विचारलंदेखील नाही.

फाटकाच्या आत आमचा वाटाड्या उभा होता. त्याचं नाव डेल्रॉय. साठी ओलांडलेला, ताडमाड उंच, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर तीन पायांच्या तिकाटण्यासकट दुर्बीण. त्याचे आजोबा जमैकाहून केळीच्या मळ्यात कामाला आले होते, त्यामुळे त्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ लोकांसारखा तो इंग्रजी बोलायचा, हेलकावे देत, गाणं म्हटल्यासारखं. माझ्या आईचं इंग्रजी म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं. एकतीस वर्षं ती रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. बेडूक टाचण्यांनी ट्रेमध्ये लावून ठेवणं, बरण्यांतलं फॉर्मालिन बदलणं, लेबलं लिहिणं हे तिचं काम. क्रियापदं तिला दगा द्यायची, पण प्राण्यांची लॅटिन नावं तिच्या जिभेवर होती.

"ब्रॅडिपस," ती पहिल्या पाचच मिनिटांत ओरडली.

डेल्रॉयने दुर्बीण लावायच्या आधीच तिने वरच्या फांदीतला तो केसाळ गोळा हेरला होता. तो स्लॉथ होता, तीन नखांचा. त्याने आमच्याकडे मान वळवायला घेतली ती वळेपर्यंत आईने दुर्बिणीला डोळा लावून चष्मा पुसून परत लावला. "रंगा, मेल्या, बघ तरी. भिंतीवरच्या तक्त्यात होता हा. तीस वर्षं मी ह्याच्यावरची धूळ झटकली."

"छान आहे," मी म्हटलं. "आई, मला तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

"बोल की. हे काय?" ती वाकलीसुद्धा. पायाशी निळ्या पायांचे खेकडे बिळांत पळत होते. मग पानांचे तुकडे डोक्यावर धरून चाललेली मुंग्यांची रांग आली, आणि तिने त्या रांगेबरोबर चालत जाऊन त्यांचं वारूळ शोधलं. माझं बोलणं तिथेच राहिलं.

जंगल तिथे अगदी समुद्रापर्यंत येतं. वाटेच्या एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला पाणथळीत उभी राहिलेली झाडं, त्यांच्यावर दुसरी झाडं, वेली, शेवाळ. सगळीकडून पाणी ठिबकत होतं. लांबून मोठ्याने डरकाळ्या ऐकू आल्या तेव्हा मी दचकलो. डेल्रॉय हसला. ती माकडं होती, कुत्र्याएवढी, पण आवाज वाघाचा. एका खोडावर पिवळाधमक साप वेटोळं घालून बसला होता. डोळ्यांवर पापण्यांसारखे उभे खवले. मी चार पावलं मागे सरलो, आई दोन पावलं पुढे गेली. डेल्रॉयने हात आडवा धरला.

"मिस कुमुद, हा विषारी आहे."

"माहीत आहे," आई म्हणाली. "माझे सगळे बाटलीत होते. हा श्वास घेतो."

तिचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, हेच बरं, हिला इथे आवडतंय. मी पुन्हा घसा खाकरला. तेवढ्यात एक पक्षी ओरडला आणि आईने डेल्रॉयची बाही ओढली.

"हा कुठला? फॅमिली कुठली?"

"टूकन. रॅम्फास्टिडी."

"तो काळा?"

"तो ओरोपेंडोला. इक्टेरिडी."

आईने दोन्ही नावं वहीत लिहिली आणि नकारार्थी मान हलवली. हे तिचं सकाळपासून चाललं होतं. प्राणी दिसला की ती पोरीसारखी हरखायची, पण पक्षी दिसला की फक्त कूळ विचारायची आणि हिरमुसायची. मला वाटलं, म्हातारपणाची लहर.

पाणथळीवरच्या लाकडी पुलावर पांढऱ्या तोंडाची माकडं उतरली. सात-आठ होती. त्यातलं एक कठड्यावरून चालत आलं, आईसमोर बसलं आणि तिच्या पर्सकडे टक लावून बघायला लागलं.

"पर्समध्ये खायला काय आहे?" डेल्रॉयने विचारलं. आवाजातलं गाणं गेलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "फाटकावर सगळं दिलं."

"माणसं खोटं बोलतात, साहेब. माकड नाही बोलत."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिने पर्स उघडली, चष्म्याची डबी काढली आणि डेल्रॉयपुढे धरून जरा किलकिली केली. आत केळीच्या पानात भाताचा गोळा होता, वर काळे तीळ. आम्ही रात्री उतरलो होतो त्या पाहुण्यांच्या बंगलीत पहाटे उठून ती भात का शिजवत होती ते मला आत्ता कळलं. न्याहारीला दहीभात खाऊन मी ढेकरही दिला होता.

डेल्रॉयने आधी हातातली काठी आपटून माकडं हाकलली. मग तो आमच्यावर उखडला. गेल्या वर्षी एका पाहुण्याने एका माकडाला केळं दिलं, त्यात डेल्रॉयच्या एका वाटाड्या मित्राचा परवाना गेला. ते माकड मग माणसांच्या हातावर झेपावू लागलं, एका पोरीला चावलं, आणि त्याला पिंजऱ्यात घालून न्यावं लागलं. "तुम्ही घरी जाता," तो म्हणाला. "आम्ही आणि ही माकडं इथेच राहतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "आई, अगं काय हे?"

"आज तिथी आहे," आई म्हणाली. "ह्यांचं वर्षश्राद्ध."

मी तिथी विसरलो होतो. नुसता विसरलो नव्हतो, कधी माहीतच करून घेतली नव्हती.

मग आईने डेल्रॉयला स्वतःच सांगितलं, तिच्या त्या मोडक्या इंग्रजीत. माझा नवरा. एक वर्ष झालं. आमच्याकडे दहाव्या दिवशी भात ठेवतात. कावळा येऊन खातो. खाल्ला, म्हणजे गेलेला माणूस सुखाने गेला. नाही खाल्ला, म्हणजे त्याचं काहीतरी राहिलं आहे. माझ्या नवऱ्याच्या भाताला कावळा शिवला नाही.

ते खरं होतं. दहाव्याला मी पोचूच शकलो नव्हतो, मधल्या विमानतळावर अडकलो होतो. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. तेव्हा रिवाजाप्रमाणे गेलेल्या माणसाला वचन द्यायला सुरुवात झाली. दिगूने दिलं, काकांनी दिलं. मग दिगूने फोन पिंडासमोर धरला आणि मी इकडून, शेकडो प्रवाशांच्या गर्दीत उभा राहून ओरडलो, "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही!" लोक वळून बघायला लागले. कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घरी आली. मला आणि दिगूला तेव्हापासून एकच वाटत होतं, की बाबांचा जीव आईत अडकला आहे. सहा-सहा महिन्यांचं ठरवलं ते त्यामुळेच.

डेल्रॉयने काठी कठड्याला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "माझा बाप गेला तेव्हा नवव्या रात्री आम्ही त्याच्यासाठी तळलेला मासा ठेवला होता. आणि रम. तो रमचा फार भोक्ता." त्याने डबी आईच्या हातातून घेतली, आपल्या पत्र्याच्या डब्यात घातली आणि झाकण घट्ट लावलं. "जंगलात नाही. पण वाट जिथे संपते तिथे पलीकडच्या फाटकाबाहेर माझ्या बहिणीची खानावळ आहे. तिथे ठेवा. मात्र एक आहे, मिस कुमुद. ह्या अख्ख्या देशात कावळा नाही."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "घरूनच वाचून आले. कावळा नको. कावळ्याच्या कुळातला कोणीही चालेल. कॉर्विडी."

म्हणजे सकाळपासून ती कावळ्याचे नातेवाईक शोधत होती.

"आई, असं चालतं का? भटजी नाही, दर्भ नाही."

"शास्त्रात कूळ पाहतात ना? मग मी कूळच पाहतेय," ती म्हणाली. "दोन्ही शास्त्रांत चालतं."

डेल्रॉयने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. आता त्यालाही त्या कोड्याची गोडी लागली होती. पुढचे दोन तास तो टूकन आणि स्लॉथ विसरून कानोसा घेत चालला. एकदा थांबला, मान हलवली, परत चालू लागला. मग वाट संपता संपता, जंगल विरळ होऊन केळी दिसायला लागल्या तिथे, कर्कश गलका ऐकू आला. "पिया! पिया!"

"पिआपिआ," डेल्रॉय म्हणाला आणि त्याचे सगळे दात दिसले. "ब्राउन जे म्हणतात ह्यांना. मिस कुमुद, हे कॉर्विडी."

ते आठ-नऊ होते. कावळ्याहून जरासे मोठे, तपकिरी, पोट पांढरं, शेपूट लांब. कोणी काळ्या चोचीचे, एक-दोन पिवळ्या चोचीचे. ती पोरं, डेल्रॉय म्हणाला. सगळं खटलं एकत्र राहतं. एक मादी अंडी घालते आणि घरातले सगळे मिळून पिलांना भरवतात. मोठी झालेली पोरं वर्षानुवर्षं घर सोडत नाहीत.

"तुमच्यापेक्षा बरी," आई मला म्हणाली.

ती हसत म्हणाली, पण मी तो शब्द उचलला. वाटलं, हिला पोरांजवळच राहायचं आहे, आता सांगायला हरकत नाही.

खानावळीच्या मागे कुंपणाचा एक रुंद खांब होता. आईने केळीचं पान उलगडून भात त्यावर ठेवला, थोडं पाणी सोडलं आणि आम्ही दहा पावलं मागे आलो. पिआपिआंनी गलका थांबवला. एक खाली आला, खांबाशेजारच्या तारेवर बसला, एका डोळ्याने भाताकडे बघितलं आणि परत वर गेला.

"बोल," आई म्हणाली.

"काय बोलू?"

"दहाव्याला फोनवरून बोललास ते."

मी हात जोडले. डेल्रॉयने टोपी काढली. "बाबा, आईची काळजी करू नका. तिला आम्ही एकटं ठेवणार नाही."

एकही पक्षी हलला नाही.

"अजून," आई म्हणाली.

लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं मी बापाशी बोलून आईला ऐकवलं. तिच्या तोंडाकडे बघून ते मला कधीच जमलं नसतं. "बाबा, आता आई सहा महिने माझ्याकडे राहील, सहा महिने दिगूकडे. रत्नागिरीचं घर दिगू सोमवारी रिकामं करतोय. भाडेकरू चांगला आहे. आई परत तिथे एकटी राहणार नाही. आता तरी शांत व्हा."

सगळे पिआपिआ एकदम उडाले आणि केळीच्या पलीकडच्या झाडावर जाऊन बसले.

मी हात जोडलेलेच ठेवले, कारण सोडले तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

"सोमवारी?" तिने विचारलं.

"हो."

"माझ्या परतीच्या तिकिटाचं काय?"

"ते रद्द केलं."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"आता सांगितलं ना."

"मला नाही सांगितलंस. त्यांना सांगितलंस." तिने ओढणी सारखी केली. "बाजूला हो."

ती खांबाजवळ गेली, अगदी भाताच्या समोर. मला वाटलं ती तो उचलून घेणार. पण ती बोलायला लागली, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलावं इतक्या साध्या आवाजात.

"अहो, मी कुमुद. घाटावर आपल्यात बायकांना नेत नाहीत, म्हणून तेव्हा बोलता आलं नाही. नऊ वर्षं तुमचं आजारपण काढलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्री चारदा उठत होते, त्याचीही नाही. पण तुम्ही गेलात, आणि तिसऱ्या रात्री मी झोपले ती सकाळी साडेआठला उठले. चहा केला. गॅलरीत बसून प्याले. आणि मला बरं वाटलं हो. रडू येईल म्हणून वाट बघत बसले, तर बरंच वाटत राहिलं. दहाव्याला दिगू घरी येऊन म्हणाला, कावळा शिवला नाही. तेव्हाच मी ओळखलं. पोरांना वाटलं, तुम्हाला माझी काळजी लागली आहे. काळजी कसली? तुम्हाला कळलं होतं. तुम्ही रागावला होतात."

तिने पानाची वळलेली कड सरळ केली. मग ती पुढे बोलली.

"वर्षभर हे कोणाला सांगितलं नाही. कोणाला सांगणार, नवरा गेला आणि मला एकटीला आवडतंय म्हणून? पण आवडतं. मी दुपारी भाकरी खाते नाहीतर खात नाही. रात्री दिवा लावून वाचते. कोणी हाक मारत नाही. तुमची आठवण येते, रोज येते. तरी आवडतं. रागवायचं असेल तर रागवा, पण खोटं सांगून तुम्हाला वाटेला लावणार नाही. मी तिथेच राहणार आहे. एकटी. एवढंच सांगायचं होतं, त्यासाठी इतक्या लांब आले."

मी पक्ष्यांकडे बघतच नव्हतो. मी आईकडे बघत होतो. ती पासष्ट वर्षांची बाई, चिखलाने माखलेले बूट घातलेली, ओठ घट्ट मिटून उभी होती, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की आम्ही दोघे भाऊ वर्षभर तिच्याविषयी तासन्‌तास बोलूनही तिच्याशी पाच मिनिटंसुद्धा बोललो नव्हतो. मला स्वतःची लाज वाटली.

डेल्रॉयने माझ्या खांद्याला हात लावला. त्याला आमच्या बोलण्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

खांबावर, आईपासून हातभर अंतरावर, पिवळ्या चोचीचा एक पोरगा बसला होता. चोच भाताने भरलेली. आई हलली नाही. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि खांबावर एकच झोंबाझोंबी सुरू झाली. दोन मिनिटांत पान तेवढं उरलं. ते डेल्रॉयने उचलून घेतलं.

आईने हात जोडले नाहीत. ओढणीने नाक पुसलं आणि वळून त्याला विचारलं, "कॉर्विडीच ना? नक्की?"

"नक्की, मिस कुमुद."

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि खानावळीच्या बाकावर बसून तिने तळलेली केळी मागवली. भूक लागली होती तिला. मी समोर बसलो. ती माझ्याशी बोलेना. तिसरी केळ्याची चकती संपल्यावर तिने ताटली माझ्याकडे सरकवली.

पुढे अकरा वर्षं ती त्या दोन खोल्यांत एकटी राहिली. आम्ही सतत धास्तावलेले असायचो, की ही कुठे पडेल. पडली ती एकदाच, तीही दिगूच्या घरी नागपूरला, आमच्या सगळ्यांच्या देखत.

पण त्या संध्याकाळी ह्यातलं काही माहीत नव्हतं. बंगलीच्या पायरीवर बसून मी दिगूला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो कामावर निघायच्या गडबडीत होता.

"सामान हलवू नकोस," मी म्हटलं. "भाडेकरूला नाही म्हणून सांग. आई परत येतेय."

"अरे, पण आपण बाबांना शब्द दिलाय," दिगू म्हणाला. "तूही दिलास, फोनवरून. तो मोडायचा?"

"तो शब्द आईचा होता," मी म्हटलं. "आपण तिला न विचारता दिला."